शेक पूर्ण झाला, तरी गाठ परत: फुप्फुसाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काका ओपीडीत आले ते संत्र्यांची थैली घेऊन. काटोलकडच्या साडभावाच्या बागेतली, मृग बहाराची. थैली टेबलाच्या पायाशी ठेवली, सिटी स्कॅनची फिल्म मात्र मांडीवर दाबून धरली. सोबत काकू आणि मुलगी. मुलाला सुटी मिळाली नव्हती, तो फोनवर.

"मॅडम, मले खरं सांगा," काका म्हणाले. "नवतप्यात मशीन बंद पडली होती, त्याच्यानंच झालं ना हे?"

फिल्म दिव्यावर लावायच्या आधीच हा प्रश्न आला. घरी त्यावर बरीच चर्चा झालेली असणार. आठ महिन्यांपूर्वी आम्ही ज्या जागी साठ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) पूर्ण शेक, म्हणजे रेडिएशन, दिला होता, त्याच जागी गाठ पुन्हा वाढत होती.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे. शेक दिलेली गाठ परत आली की आधी संशय जातो मशीनवर, मग डॉक्टरवर, आणि घरच्यांचा रुग्णावर. या प्रकरणात आम्ही हे सगळे संशय शेवटपर्यंत तपासले. उत्तर निघालं ते पहिल्या बायॉप्सीच्या ब्लॉकमधून, म्हणजे शेक सुरू होण्याच्याही आधी काढलेल्या तुकड्यातून. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजार आणि उपचार

काका ६१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नोकरी बहुतेक नागपूर-भंडारा-गोंदिया या पट्ट्यातली, म्हणजे तेंदूपानाच्या आणि बिडीच्या मुलखातली. पस्तीस वर्षं रोज बिडीचा एक कट्टा. खोकला वाढला, दोनदा थुंकीतून रक्त आलं, तेव्हा थुंकीत जंतू न सापडताच दोन महिने टीबीची औषधं झाली. हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की केस लिहिताना आम्ही ते एका ओळीत उरकतो. मीही उरकते.

सिटीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात सहा सेंटिमीटरची गाठ होती आणि छातीच्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथी सुजलेल्या. बायॉप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार निघाला, तो ओळखणारं पी-४० रंजन पॉझिटिव्ह. पेट स्कॅनमध्ये दूर कुठे काही नव्हतं, मेंदूचा एमआरआय स्वच्छ. गाठीच्या आकाराने टी-३, ग्रंथींमुळे एन-२, म्हणजे टप्पा तीन-बी. सर्जनने फिल्म बघून मान हलवली. ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या होत्या, आणि पस्तीस वर्षांच्या बिडीने उरलेल्या फुप्फुसाची ताकदही एवढी ठेवली नव्हती की खंड काढून काका चालते राहतील.

मग जे जगभर करतात तेच केलं. रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, तीस वेळा, एकूण साठ ग्रे. सोबत दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं. हे संपल्यावर वर्षभर ड्युरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देण्याचा मार्ग २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीतून पुढे आला. त्या चाचणीत ते दिलेल्या गटातले ४२.९ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, न दिलेल्या गटात ३३.४ टक्के. मी हे सांगितलं, खर्च सांगितला. मुलाने आकडा कागदावर लिहून घेतला, घडी केली, खिशात ठेवला. तो विषय तिथेच संपला.

सप्टेंबरच्या सिटीत गाठ एक तृतीयांशावर आली होती. काका खुशीत होते, वजन तीन किलोने वाढलं होतं. फेब्रुवारीत पुन्हा खोकला.

शेकानंतर फुप्फुसात वण तयार होतो आणि सिटीवर तो गाठीसारखाच दिसू शकतो. त्यामुळे आधी पेट स्कॅन आणि मग सुईने नवी बायॉप्सी केली. वण नव्हता. तोच स्क्वॅमस कर्करोग.

मशीन

काकांचा प्रश्न रास्त होता. मे महिन्याच्या शेवटी, नवतप्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, लिनॅकचा, म्हणजे शेक देणाऱ्या मशीनचा, चिलर (थंड ठेवणारी यंत्रणा) बसला आणि तीन दिवस उपचार बंद राहिले. फुप्फुसाच्या कर्करोगात शेकाचे दिवस लांबले तर गाठीला पुन्हा वाढायला वेळ मिळतो, हे आम्हाला माहीत असतं. म्हणून दोन शनिवारी मशीन चालवून दोन दिवस भरून काढले. चाळीस दिवसांत संपायचा शेक त्रेचाळीस दिवसांत संपला.

मशीन आणि डोसचं मोजमाप सांभाळणाऱ्या आमच्या फिजिसिस्टने फाइल उघडली ती रागानेच. मशीनवर संशय म्हणजे त्याच्यावरच संशय, असं तो मानतो. रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी मशीनचं आउटपुट तपासतात आणि ते तीन टक्क्यांच्या आत असावं लागतं. महिन्यातून एकदा आयन चेंबर या किरण मोजणाऱ्या उपकरणाने जास्त काटेकोर मोजमाप होतं, तिथे दोन टक्क्यांची मर्यादा. चिलर दुरुस्त झाल्यावर पहिला रुग्ण घेण्याआधी त्याने हे मोजमाप पुन्हा केलं होतं. नोंद होती, सही होती, आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत होता.

मग आम्ही दोघं प्लॅनिंगच्या संगणकावर बसलो. ताजी सिटी आठ महिन्यांपूर्वीच्या सिटीवर बसवली. मणके मणक्यांवर, श्वासनलिकेचा फाटा फाट्यावर. फुप्फुस आक्रसलं होतं, त्यामुळे हे काम पटकन होत नाही, दुपार गेली. नव्या गाठीभोवती मी लाल रेघ काढली. त्याने जुना डोस दाखवणारं बटण दाबलं. ठरवलेल्या डोसच्या पंच्याण्णव टक्क्यांची हिरवी रेघ आली आणि लाल रेघ सगळीकडून तिच्या आत होती. कडेला कुठेही बाहेर डोकावत नव्हती. ती कडेला असती तर आम्ही म्हणालो असतो की नेम चुकला, श्वासाबरोबर गाठ हलली, गाठीभोवती सोडलेलं मार्जिन कमी पडलं. ती मधोमध होती, जिथे पुरेपूर साठ ग्रे पोचले होते. उपचाराच्या दिवसांतल्या मशीनवरच्या सिटीच्या प्रतिमाही पाहिल्या, सगळ्या जागेवर.

"आता बोल," फिजिसिस्ट म्हणाला. माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

तीन दिवसांच्या खंडाने थोडं नुकसान झालं असेल का? असेल. पण एवढ्याने अख्खी गाठ भर डोसच्या मध्यात पुन्हा उभी राहावी, हे मला पटत नव्हतं.

बिडी, कॅप्सूल, संत्री

काकूंचा हिशोब सोपा होता. "चोरून बिडी प्यायले असन यायनं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, काकांकडे नाही. दिवाळीच्या सफाईत कपाटात एक कट्टा सापडला होता. काका म्हणाले, तो जुना होता, दोरासुद्धा सोडलेला नव्हता. यावर त्या घरात चार महिने अबोला होता हे मला मुलीकडून नंतर कळलं.

शेक चालू असताना धूम्रपान वाईटच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि शेकाचा परिणाम बराचसा ऑक्सिजनवर उभा असतो. पण बायॉप्सीच्या दिवसापासून बिडी सुटली, असं काकांनी प्रत्येक भेटीत सांगितलं होतं आणि आमच्या नोंदीत तसं आहे. मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं. रुग्णाला दोष दिला की बाकी सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं, म्हणून मी या संशयाबाबत जरा जास्तच सावध असते.

फोनवरचा मुलगा मग हळू आवाजात म्हणाला की शेकाच्या काळात त्याने बाबांना ॲंटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल दिल्या होत्या. ऑनलाइन मागवलेल्या, प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. ही आमची चूक. तेव्हापासून आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर तो प्रश्न आहे.

मुलीला आणखी एक धास्ती होती. "मॅडम, मी बाबांना रोज संत्र्याचा रस देत होते. त्यात व्हिटॅमिन सी असतं ना?" रसाने असं काही होत नाही, हे मी तिला लगेच आणि ठासून सांगितलं. नागपुरात संत्र्यावर संशय घ्यायचा तर सगळं शहरच आरोपी होईल.

कॅप्सूलचं तसं नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन दिलं, तेव्हा १९९४ साली निष्कर्ष आला की फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. कमी होईल या आशेने ती चाचणी सुरू झाली होती. ॲंटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, हा समज तिथेच मोडायला हवा होता, पण बाटल्यांवरची लेबलं अजून तेच सांगतात. तरीही काकांची गाठ कॅप्सूलमुळे परत आली असं मी म्हणू शकले नसते. आणि पुढे जे सापडलं त्यावरून दिसलं, की गाठीला बाहेरच्या ॲंटिऑक्सिडंटची गरज नव्हती. तिचा स्वतःचा कारखाना होता.

ब्लॉक

नवी बायॉप्सी मुंबईला जनुकीय तपासणीला पाठवली, पुढचं औषध ठरवायला. तीन आठवड्यांनी अहवाल आला. बहुतेक पानं अपेक्षित होती. टीपी-५३ या जनुकात बदल, स्क्वॅमसमध्ये तो जवळजवळ सगळ्यांतच असतो. औषधाला पकडायला सोपं असं काही नाही. आणि चौथ्या पानावर कीप-१ या जनुकात बदल: प्रथिन निकामी करणारा, दुसरी प्रत गहाळ.

आता प्रश्न असा होता की हा बदल शेकातून जगलेल्या पेशींत नंतर आला की आधीपासूनच होता. त्याचं उत्तर फक्त पहिल्या बायॉप्सीत मिळणार होतं. पॅथॉलॉजीतल्या सहकारी बाईंना मी फोन केला. त्यांनी संध्याकाळी ड्रॉवर उपसून ब्लॉक काढला. नखाएवढ्या पिवळट मेणात तीन केसाळ रेघा, म्हणजे सुईने काढलेले तुकडे, तेही अर्धे कापून संपलेले. निदानाची रंजनं करताना ऊती खर्च होते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यांनी तो मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, लावण्याआधी अर्धा तास बर्फावर ठेवला, एकेक काप पाण्यावर तरंगवून उचलला आणि म्हणाल्या, "हे शेवटचं. पुन्हा मागू नको."

उत्तर आलं: तोच बदल, त्याच जागी. गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हापासून होता.

कीप आणि नर्फ

हे दोन शब्द इथे नीट समजून घेतले पाहिजेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावर आहे.

एनआरएफ-२ हे पेशीतलं एक प्रथिन आहे, बोलताना सगळे ‘नर्फ-टू’ म्हणतात. १९९४ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. ते पेशीच्या केंद्रकात शिरून शंभराहून जास्त संरक्षक जनुकं चालू करतं. ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं ॲंटिऑक्सिडंट, बनवणारी, विषारी रसायनं बाहेर फेकणारी, ऑक्सिजनच्या खवळलेल्या रेणूंना शांत करणारी. धूर, धूळ, विषारी वायू यांच्यासमोर उघड्या असलेल्या फुप्फुसाला याची रोज गरज लागते. बिडीचा पहिला झुरका आत गेला तेव्हा काकांच्या पेशींना वाचवायला धावलं ते हेच.

पण ते कायम चालू राहून चालत नाही. म्हणून कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. हे १९९९ मध्ये जपानमध्ये, मासायुकी यामामोटो यांच्या गटाला सापडलं. कीप-१ ची जोडी असते. जोडीतल्या प्रत्येकाच्या टोकाला पंख्यासारखी सहा पाती, आणि त्या पात्यांत नर्फ दोन ठिकाणी अडकतं, एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी सैल. अडकलं की त्याला युबिक्विटिनची खूण लागते आणि पेशीचा कचराघाणा त्याला चिरडतो. निरोगी पेशीत नर्फ बनतं आणि साधारण वीस मिनिटांत त्यातलं निम्मं नष्टही होतं. धुराचा किंवा विषाचा हल्ला आला, की कीप-१ मधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या खिट्ट्यांवर रसायनं चिकटतात, तिची पकड ढिली होते, नर्फ सुटतं. हल्ला सरला की पकड पुन्हा घट्ट.

काकांना मी हे कागदावर चित्र काढून सांगत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांबा जी. म्हंजे नर्फ बिनतिकिटाचा प्रवासी. कंडक्टर त्याले दर स्टॉपले उतरवते. आता कंडक्टरच नाही गाडीत."

मी या विषयावर विद्यार्थ्यांना दोन-चार व्याख्यानं दिली आहेत, त्यात इतकं सोपं कधी जमलं नव्हतं. फक्त एक भर घातली: हा प्रवासी एरवी चांगला माणूस असतो, आग लागली की विझवणारा. त्याला उतरवायला कुणी नसलं की तो सगळी गाडी ताब्यात घेतो.

कर्करोगाने ही पळवाट शोधली आहे. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने फुप्फुसाच्या गाठींत निकामी कीप-१ दाखवून दिलं. पुढे मोठ्या जनुकीय पाहण्यांत दिसलं, की स्क्वॅमस प्रकारात साधारण एक तृतीयांश गाठींत या साखळीत कुठे ना कुठे बिघाड असतो. कधी कीप तुटलेलं, कधी नर्फचीच ती अडकणारी जागा बदललेली, म्हणजे कंडक्टर आहे पण प्रवासी त्याच्या हाती लागत नाही. ॲडेनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकारात कीप-१ चा बदल सुमारे १७ टक्क्यांत. दुर्मीळ म्हणावं असं हे नाही.

साठ ग्रेचं गणित

शेक गाठ जाळतो, असा सर्वसाधारण समज आहे. शब्दच तसा आहे. प्रत्यक्षात दोन ग्रेने ऊतीचं तापमान वाढल्याचं कळणारही नाही. क्ष-किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात आणि ते डीएनएवर आदळतात. क्ष-किरणांनी होणाऱ्या इजेतला साधारण दोन तृतीयांश वाटा या आडवाटेने येतो. एका ग्रेमागे पेशीत डीएनएचा एकेरी धागा हजारेक ठिकाणी तुटतो, दुहेरी धागे वीस ते चाळीस ठिकाणी. एकेरी तुटी पेशी सहज सांधते. ती मरते दुहेरी तुटींनी.

जखम झाल्या झाल्या एक शर्यत लागते. ऑक्सिजन पोचला तर जखम पक्की होते. ग्लुटाथायोन आधी पोचलं तर ते हायड्रोजन देऊन जखम बुजवतं. नर्फ मोकाट सुटलेल्या पेशीत ग्लुटाथायोनचा साठा भरलेला असतो, रॅडिकल विझवणारी प्रथिनंही भरपूर. तिथे ही शर्यत रोज थोडी थोडी पेशीच्या बाजूने झुकते.

ही ‘थोडी’ किती महाग पडते, हे दाखवायला मी विद्यार्थ्यांकडून एक पाटीवरचं गणित करून घेते. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत अंदाजे एक अब्ज पेशी धरा. रोजच्या दोन ग्रेनंतर निम्म्या पेशी जगतात असं समजा. तीस दिवसांनी किती उरतील? जवळपास एक. आता निम्म्याऐवजी साठ टक्के जगतात असं धरा. तीस दिवसांनी दोनशेच्या वर उरतात. सत्तर टक्के धरलं तर बावीस हजारांच्या वर. प्रत्यक्ष गाठ इतकी सरळ वागत नाही, मधल्या काळात पेशी वाढतात, आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो. तरी मुद्दा कळतो: एका दिवसाचा फरक डोळ्याला दिसणार नाही इतका, आणि तीस दिवसांत तो चक्रवाढ व्याजासारखा फुगतो. सप्टेंबरच्या सिटीत गाठ छान आक्रसलेली दिसली होती आणि त्याच वेळी आत हजारो पेशी जिवंत होत्या, यात विसंगती काही नाही. सिटीला हजार पेशी दिसत नाहीत.

माणसांत हे खरंच घडतं का, हे स्टॅनफर्डच्या गटाने तपासलं. २०१७ मध्ये त्यांनी उंदरांत आणि रुग्णांत कीप-नर्फच्या बदलांचा शेकाला होणाऱ्या विरोधाशी संबंध दाखवला. २०२० मध्ये त्यांनीच, कर्करोग एका जागी मर्यादित असलेल्या २३२ रुग्णांचा अभ्यास छापला. शेक घेतलेल्यांत ज्यांच्या गाठी त्याच जागी परत आल्या, त्यातल्या निम्म्या गाठींत कीप-१ किंवा नर्फच्या जनुकात बदल होता. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मात्र हा बदल गाठ परत येण्याचं भाकीत करत नव्हता. मला त्या अभ्यासातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. चाकूला ग्लुटाथायोनशी घेणं-देणं नसतं.

त्याच अभ्यासातला आणखी एक बारकावा आमच्या अहवालासाठी कामाचा होता. कीप-१ मधला प्रत्येक बदल घातक नसतो. ज्या बदलाने प्रथिन खरोखर निकामी होतं, तो असलेली गाठच शेकाला दाद देत नाही. म्हणून मी प्रयोगशाळेला फोन करून विचारून घेतलं. नुसतं ‘बदल आढळला’ एवढ्यावर मी हे प्रकरण लिहिलं नसतं.

एवढं सगळं असलं, तरी एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही. सहा सेंटिमीटरची गाठ मुळातच शेकाला जड, तिच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी, वर तीन दिवसांचा खंड. मी ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या विभागांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, म्हटलं ते असं: मुख्य कारण कीप-१ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, बाकीची कारणं त्याच्या मागे उभी. मेडिकल ऑन्कॉलॉजीतले ज्येष्ठ सर म्हणाले, "ठीक आहे, पण त्याने आपण वेगळं काय केलं असतं?"

आधी कळलं असतं तर

सरांचा प्रश्न टोचणारा होता, कारण त्याचं खरं उत्तर आहे, ‘फारसं काही नाही.’

शेक वाढवता आला असता का? हा प्रश्न काकांच्या मुलानेही विचारला: "साठच्या ऐवजी सत्तर दिले असते तर?" हे करून झालंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ६० विरुद्ध ७४ ग्रे अशी तुलना झाली, २०१५ मध्ये निकाल छापले गेले. ७४ ग्रेच्या गटात निम्मे रुग्ण २०.३ महिन्यांहून जास्त जगले, ६० ग्रेच्या गटात निम्मे २८.७ महिन्यांहून जास्त. जादा डोस हृदय आणि निरोगी फुप्फुसालाही सोसावा लागतो. त्या निकालानंतर कुणी सरसकट डोस वाढवण्याच्या फंदात पडत नाही.

नर्फला थेट अडवणारं औषध आज दवाखान्यात नाही. प्रयोगशाळेत वेगळी वाट सापडली आहे: अशा पेशी ग्लुटाथायोन बनवायला ग्लुटामिन या अमिनो आम्लावर अवलंबून असतात, त्यामुळे ग्लुटामिनेज हे विकर रोखलं की त्या शेकाला पुन्हा दाद देऊ लागतात. कागदावर सुंदर दिसणारी कल्पना. पण असं औषध केमो आणि इम्युनोथेरपीबरोबर रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा हाती निराशा आली. शेकाबरोबर देणं ही वेगळी गोष्ट आहे, म्हणून मी तो दरवाजा पूर्ण बंद झाला असं म्हणत नाही.

शस्त्रक्रिया? काकांना ती शक्यच नव्हती.

फरक पडला असता तो वेगळ्याच रुग्णाला. ज्याची गाठ दोन-तीन सेंटिमीटरची आहे, जो ऑपरेशनही करू शकतो आणि नेमका जोरकस शेकही घेऊ शकतो, आणि ‘दोन्ही सारखंच’ म्हणून दोन्हींच्या मध्ये उभा आहे. त्याच्या ब्लॉकमध्ये कीप-१ निकामी असेल, तर मी त्याला आज सर्जनकडे पाठवीन. काकांच्या प्रकरणानंतर आम्ही बोर्डात एवढंच ठरवलं: अशा रुग्णांत शेक ठरवण्याआधी जनुकीय तपासणी, आणि पहिल्या बायॉप्सीत निदानासाठी लागते त्याहून एक तुकडा जास्त. यातलं दुसरं पॅथॉलॉजीच्या बाईंनी आग्रहाने लिहून घेतलं.

काकांना पुन्हा शेक देण्याचा विचार आम्ही केला आणि सोडला. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून होती, त्या भिंतीने एकदा साठ ग्रे सोसले होते. दुसऱ्यांदा दिले तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि ज्या गाठीने पहिले साठ पचवले ती दुसऱ्यांदा का ऐकेल? दर तीन आठवड्यांनी डोसिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू केलं. चार सायकलनंतरच्या सिटीत गाठ वाढलेली नाही, कमीही झालेली नाही. बोटांना मुंग्या येतात, चव गेली आहे, पण जिना चढून येतात.

मागच्या भेटीत काकूही सोबत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे बिडीनं नाही झालं?" मला नाही म्हणता आलं नाही. कर्करोग बिडीने झाला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि कीप-१ चा बदलही धुराच्या त्याच वर्षांत आला असेल. पण शेक फसला तो कपाटातल्या कट्ट्याने नाही, हे मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. काकांच्या शर्टाच्या खांद्यावर पडलेला केस उचलून त्यांनी खाली टाकला.

मुलीने विचारलं की हे पुढच्या पिढीत जातं का. हा बदल फक्त गाठीतल्या पेशींत आहे, जन्माने आलेला नाही, वारशाने जात नाही. तिने हे दोनदा म्हणायला लावलं.

काकांना हवा होता एसटीच्या सवलतीचा दाखला. मी लिहिला, सही केली, पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत माझ्याकडे दिला.

"शिक्का राहिला जी. आमच्या वेळेस म्या उतरवलं असतं हा कागद घेऊन आलेल्याले."